विहिरीवरचा फळा

आसाला वंगण कमी पडलं की बंडी रडत चालते. फाल्गुनात वलगावच्या रस्त्यानं अमरावतीकडे कापूस घेऊन जाणाऱ्या बंड्यांत तशी एखादी तरी असतेच. आता पूर्वीसारखी रांग लागत नाही. जिनांचे भोंगे झाले, आगगाडी झाली, कापूस दाबून दगडासारखा करायची यंत्रं आली. तरी ती एक रडणारी बंडी दर साली येते, आणि मी ओसरीवरून उठून आत जातो. सून विचारते, "मामाजी, ऊन लागलं का?" मी म्हणतो, लागलं. ऊन लागलेलं नसतं.

लिहिणं हे माझं काम नाही. माझं काम वांगी, मिरची, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. शाळा किती शिकलो म्हणाल, तर दोन तुकडे. एक अमरावतीत, तीन आठवडे. दुसरा अकोल्यात, एक पावसाळा. त्या दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत जे झालं ते लिहायला बसलो आहे. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं काढाव्या, मी एक काना बदलणार नाही.

निमित्त असं झालं. होळीच्या आधी चार मोठी माणसं मळ्यात आली. पगड्या, उपरणी, हातात छत्र्या. वऱ्हाडात कॉलेज पाहिजे म्हणाले, आपली पोरं किती दिवस मुंबईकडे तोंड करून बसणार. माझा नातू शिकलेला आहे. त्यानं समजावलं की मुंबईला युनिव्हर्सिटी आहे, कॉलेजं तिच्या हाताखाली असतात. असतील. त्यांना आमच्या मळ्याचा विहिरीकडचा तुकडा पाहिजे होता. तो तुकडा माझ्या आणि महादूच्या, दोघांच्या नावावर आहे. महादू माझा पाठचा भाऊ. डोळ्यांवर साऱ्याचा पडदा वाढून पाच-सहा वर्षं झाली, दिसत नाही. दिवसभर माझ्याच ओसरीवर बसतो.

पगडीवाल्यांतला एक गोड बोलणारा होता. म्हणाला, "आजोबा, तुमच्या वस्तीचंच भलं होईल. विद्येचं घर शेजारी असलं की शेजाऱ्यांच्या घरातही उजेड पडतो."

महादूनं मान वर केली. "उजेड? अवो, शाळेनं माही बायको खाल्ली."



"इथंच होती शाळा," महादू बोलत राहिला. "इहिरीवर फळा लावत होता तो मास्तर. पानी नासलं हाय हे लिहाले इसरला, अन् माही गोदी गेली. माह्या हिश्शातलं ढेकूळ नाही भेटनार तुमाले. जा."

पगडीवाले माझ्याकडे पाहायला लागले. मी थोरला. मी म्हणालो, "पंधरा दिवसांनी या." ते गेले. महादू म्हणाला, "दादा, पंधरा दिवसानं काय बदलनार हाय?"

काय बदलणार हे माझ्या एकट्याच्या हातात होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं.

*

त्या सालांची गोष्ट आताच्या माणसांना खरी वाटत नाही. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊ भावाशी लढत होते म्हणे. तिकडचा कापूस थांबला आणि साहेबाला आमची पऱ्हाटी आठवली. ती लढाई आमच्यातल्या कोणी पाहिली नाही, पण तिचा धुरळा आमच्या भाकरीवर बसत होता. तिवश्याकडून बंड्या, दर्यापुराकडून बंड्या, मेळघाटातून उतरलेली माणसं पाठीवर ओझी घेऊन. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. ज्यांनी जन्मभर ज्वारीच पेरली ते घरात खायला ज्वारी नाही म्हणून हसत होते, आणि ते हसणं खरं होतं. आम्ही माळी लोक, भाजीपाल्याचे. आम्हीसुद्धा वांग्याचे वाफे मोडून पऱ्हाटी लावली.

कापसाचे तंतू सगळीकडे असत. दह्यावर, देवाच्या तेलात, म्हशीच्या पापण्यांवर. सकाळी उठलं की खोकल्यात तंतू निघायचा. सरकीचा तेलकट वास अंगाला चिकटायचा, आंघोळीनं जात नसे. आणि आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी, गाडीवानांचा पडाव. शेकडो बैल, शेकडो माणसं, चुली, शेण, भांडणं, गाणी. बाजारात कापसाचा नंबर लागायला दिवस-दिवस लागत, तोवर ते तिथंच राहत.

शाळा या सगळ्याच्या शेजारी होती. गावात जागा भेटली नाही म्हणून गावाबाहेर आमच्या वस्तीला लागून बांधली होती. लांबोळकी, कौलारू, पुढे एक निंब. तिचे सदाशिव मास्तर पुण्याकडचे. अंगानं काडी. आमच्या बोलीला सुरुवातीला फार दचकायचे. "काहून" म्हटलं की त्यांना वाटायचं, कोणी भांडायला आलं.

शाळेला विहीर नव्हती. मास्तर पहिल्यांदा मळ्यात आले ते पाणी मागायला. मी तेव्हा पंचविशीतला. बाप वारलेला, मळ्याचा धनी मीच, आणि धनी असल्याचं अंगात फार होतं.

"विहिरीचं पाणी शाळेला मिळेल का?"

"काहून? सरकारनं भिंती देल्या, इहीर नाही देली?"

"नाही दिली."

"मंग आमाले काय देसान?"

मास्तर विचारात पडले. खरोखर विचारात पडले, तोंडदेखले नाही. मग म्हणाले, "माझ्याजवळ जे आहे ते. अक्षर."

"अक्षरानं भाकर शिजत नाही, मास्तर."

"नुसत्या पाण्यानंही शिजत नाही, सोनाजी."

मोटेवर महादू होता, तो मोठ्यानं हसला. मलाही हसू आलं. माझ्यासमोर कोणी उलटून बोललेलं मला खपत नसे, हे पहिल्यांदा खपलं.

तिथून ते सुरू झालं. शाळेची पोरं आमच्या विहिरीचं पाणी प्यायची. वस्तीतल्या बाया दर शनिवारी शाळा सारवून द्यायच्या. मास्तरांच्या घरी भाजी आमची. आणि शाळेकडून काय यायचं? कोणाच्या लेकीचं सासरहून पत्र आलं तर मास्तर वाचून दाखवायचे, उत्तर लिहून द्यायचे, आणि लेकीच्या आईला जे सांगायचं होतं पण सुचत नव्हतं तेही विचारून विचारून लिहायचे. दोघा भाऊबंदांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद होता, मोठ्या वर्गातल्या मुलांनी साखळी धरून धुरा मोजला आणि वाद मिटला. तापाची पुडी शाळेत मिळायची. मास्तर म्हणायचे, "आसपासच्या दहा घरांना जिचा उपयोग नाही, ती शाळा मी चालवीत नाही, नुसती राखतो आहे." हे वाक्य मला तेव्हा समजलं नव्हतं, पाठ मात्र झालं.

दुपारी बैल सोडले की तासभर मोठ्या माणसांचा वर्ग. मी बसलो. पहिला शब्द त्यांनी मला शिकवला तो पाणी. म्हणाले, आपला करार याच शब्दाचा आहे. मग माझं नाव. मग आकडे. तीन आठवडे झाले. एके दिवशी एका जोडाक्षराशी अडलो. शाळेतलं एक पोट्टं खिडकीतून पाहत होतं, ते फिसकन हसलं. मी पाटी खाली ठेवली.

"मास्तर, माह्यं शिकून झालं."

"अर्धंसुद्धा झालं नाही अजून."

"तुमचं अर्धं थे आमचं पुरं."

उठून आलो. वस्तीत विचारलं तर मी सांगितलं, झालं शिकून. वस्ती इतकी खूश झाली की काय सांगू. आपल्यातला एक माणूस वाचतो! तुकाजी म्हातारा, वस्तीतला सगळ्यांत मोठा, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखालून बाहेर यायला मला जमलं नाही.

*

फळ्याची गोष्ट त्याच्यानंतरची. मास्तरांना वाटलं, रोज एकेकाला सांगत फिरण्यापेक्षा विहिरीवर फळा टांगावा. पाण्याला सगळेच येतात. बाजार कधी, देवी टोचणारा कधी येणार, रस्ता कोणता बंद, पत्र कोणाचं आलं. आणि वस्तीत वाचणारा आहेच. "सोनाजी वाचून सांगतील," असं ते चारचौघांत म्हणाले.

आता सांगतो मी काय करायचो. शाळेचा चपराशी करीम रोज सकाळी फळा आणून विहिरीच्या खांबाला अडकवायचा. मी त्याच वेळेला तिथं. चिलीम पुढे करायची, आणि सहज विचारायचं, "काय म्हनते आज मास्तर?" करीम बोलका. धुराबरोबर सगळं सांगून टाकायचा. तो गेला, बाया जमल्या, की मी फळ्यासमोर उभा राहून बोट फिरवत ते म्हणून दाखवायचो. मधेच अडखळायचो, कारण मास्तरही वाचताना कधी कधी थांबत. चांगलं जमलं होतं. दोन महिने एकदाही चुकलो नाही.

माझ्या वाचण्यावर सगळ्यांत जास्त जीव कोणाचा होता, तर गोदाचा. महादूची बायको. उंच, काळीसावळी, चालताना पायातल्या जोडव्यांचा आवाज करणारी. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात रीत अशी की भासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर खाली ओढायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. तीही मला दिसायची ती पाठमोरी, नाहीतर पदराआड. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

पण गोदाला बोलल्याशिवाय राहवत नसे. तिनं वाट काढली. विहिरीच्या धक्क्याआड उभी राहायची आणि आमच्या वासराशी बोलायची. "बाई गं, आज फळ्यावर काय लिवलं असन वं? बाजाराचं तं नसन?" मी ते ऐकायचो आणि फळ्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचायचो. वाचून झालं की ती वासराला म्हणायची, "आमच्या घरी वाचनारं मानूस हाय म्हनून बरं वं, नाही तं आमाले कोन सांगते?" माहेरी गेली की तिथंही हेच सांगायची म्हणे. माझी बायको मला चिडवायची, "तुमचं वाचनं तं वासरू शिकलं, तुमी कधी शिकसान?" तिला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. आता ती नाही.

*

चैत्र लागला. विहिरीचं पाणी खाली गेलं, पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून करपलं. पडावात पटकी असल्याची कुजबुज होती. शाळेला सुटी दिली, मुलं घरी पाठवली.

त्या सकाळी फळा आधीच टांगलेला होता. करीम नव्हता. लेकीच्या घरी बडनेऱ्याला गेला होता. मास्तर उजाडायच्या आत स्वतः फळा लिहून, टांगून, साहेबाच्या माणसांबरोबर पडावाच्या पलीकडल्या टोकाला गेले होते, आजारी माणसं वेगळी काढायला. हे सगळं मला मागून कळलं. त्या वेळी मी फक्त फळा पाहिला. वरपासून खालपर्यंत भरलेला. रोज दोन ओळी असायच्या, त्या दिवशी सात-आठ.

बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "वाचा ना, सोनाजीबुवा, उशीर होऊन राह्यला."

मला म्हणता आलं असतं की थांबा, शाळेत जाऊन येतो. म्हणता आलं असतं की आज अक्षर बारीक आहे. डोळा दुखतो म्हणता आलं असतं. माणसाला खोटंच बोलायचं असेल तर त्यातही बरं खोटं आणि वाईट खोटं असतं. मी बोट वर नेलं आणि आदल्या दिवशीचंच म्हटलं, "बंड्या इहिरीपासून दूर सोडाव्या. बाजार मंगळवारी भरन."

बाया घागरी बुडवायला लागल्या.

धक्क्याआडून आवाज आला. गोदा वासराला सांगत होती, "बाई गं, आज तं फळा भरून लिवलं हाय. अन् वाचलं तं इतकुसंच."

मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, नीट ऐकलं. तिला जे दिसलं ते वस्तीत दुसऱ्या कोणाला दिसलं नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली असती, पदर वर करून म्हणाली असती, अहो भासरे, पुन्हा वाचा, तर मी काय केलं असतं? पण रीत होती. ती वासराशीच बोलू शकत होती, आणि वासराला उत्तर देणं माझ्या मानात बसत नव्हतं. क्षणभर जोडव्यांचा आवाज थांबला, तिथंच घुटमळला. मग ती पायऱ्या उतरून पाण्याला गेली. वर येऊन आधी ओंजळभर स्वतः प्याली. ऊन चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत गोदा गेली. मागून आणखी तिघं. तुकाजीची सून, आणि शेजारच्या एका घरची दोघं.

तिच्या शेवटच्या तासांचं मी लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की ती पाणी मागत होती, आणि आम्ही त्याच विहिरीचं देत होतो.

*

चौथ्या दिवशी वस्ती शाळेवर गेली. मास्तर दारात उभे होते. तीन दिवस पडावात प्रेतं उचलून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. महादूच्या हातात कोयता होता. त्याला तो हातात असल्याचं भान नव्हतं.

"तुमाले ठावं होतं अन् आमाले सांगतलं नाही!" तुकाजी ओरडला.

"मी लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "अजून पुसलेलं नाही. चला विहिरीवर. तुमच्यात वाचणारा आहे. त्यानं वाचावं."

सगळे विहिरीवर आलो. फळा तिथंच. उन्हानं खडू फिका पडलेला, पण अक्षरं होती. महादू माझ्याकडे वळला. "दादा, वाच."

मी पुढे झालो. या वेळेला खरंच पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणा. आणि पहिल्याच ओळीत मला ओळखीचं माणूस भेटावं तसा तो शब्द भेटला. पाणी. खाली तिसऱ्या ओळीत पुन्हा. पाणी. तीन आठवड्यांत जे चार शब्द माझे झाले होते त्यातला पहिला. चार दिवसांपूर्वी बोट फिरवण्याऐवजी नुसता डोळा फिरवला असता तरी तो मला दिसला असता. एवढा एक शब्द दिसता तरी मी घागरी थांबवल्या असत्या.

"वाच ना, दादा."

मी म्हणालो, "इथं पान्याचं काही लिहिलं नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. त्यांना सगळं कळलं हे मलाही कळलं. आता ते म्हणतील, ठीक, मग एकेक शब्द वाचा. वस्तीसमोर माझी पाटी कोरी निघेल. 

ते पुढे आले आणि तळहातानं फळा पुसला. वरपासून खालपर्यंत. तळहात पांढरा झाला. "चूक माझी," ते वस्तीला म्हणाले. "स्पष्ट लिहायला हवं होतं. नुसतं लिहून निघून जायला नको होतं."

पंचेचाळीस वर्षं मी त्या तळहाताचा विचार करतो आहे. महादूच्या हातातला कोयता माझ्याकडे वळू नये म्हणून त्यांनी पुसलं? की वस्तीतला एकुलता एक वाचणारा खोटा निघाला तर ही माणसं अक्षरावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून? की शेवटचं बोलले ते त्यांना खरंच वाटत होतं? कधी मला त्यांचा रागही येतो. त्यांनी मला वाचवलं ते मी मागितलं नव्हतं. मग आठवतं की मी मागितलंच होतं, तोंड न उघडता.

*

शनिवार आला, शाळा सारवायला एकही बाई गेली नाही. भाजी बंद. पाणी बंद, ते मीच बंद केलं, वस्तीच्या डोळ्यांत भरावं म्हणून. आमच्याकडची मुलं काढून घेतली. पावसाळ्याआधी शाळा गावाच्या दुसऱ्या अंगाला हलली, मास्तरांची अकोल्याला बदली झाली. कौलं लोकांनी काढून नेली. दोन मी पण आणली, गोठ्यावर आहेत.

ज्येष्ठात मी अकोल्याला गेलो. भाजीची बंडी घेऊन गेलो असं घरी सांगितलं. बंडीत होती चार टोपल्या मिरची. शाळा शोधली. मास्तर वर्गात होते. दारातल्या माणसाकडे पाहून त्यांनी काही विचारलं नाही. कोपऱ्यातली एक पाटी उचलून माझ्या हातात दिली. "बसा. जोडाक्षराशी थांबला होतात."

तो पावसाळा मी अकोल्यात एका नातलगाच्या मळ्यात राबलो आणि दुपारी पोरांच्या मागे बसून शिकलो. या खेपेला कोणी हसलं तरी उठलो नाही. एकदा धीर करून म्हणालो, "मास्तर, वस्तीत जाऊन सांगू का?"

"आधी नीट वाचायला शिका," ते म्हणाले. "काय वाचून दाखवायचं ते मग तुमचं तुम्ही ठरवा."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला श्रुतलेखन घातलं. ते सांगत गेले, मी उतरवत गेलो. अर्ध्यावर कळलं काय उतरवतो आहे. हात थांबला. ते म्हणाले, "लिहा." तो कागद माझ्याजवळ आहे. त्यावर लिहिलं आहे:

"या विहिरीचे पाणी कोणीही पिऊ नये. वरच्या पडावात पटकी आहे. आजाऱ्यांचे कपडे नाल्यात धुतले जातात व ते पाणी झिरपून येथे उतरते. देवळाजवळील विहिरीचे पाणी आणावे व उकळून प्यावे. ज्यास वाचता येते त्याने घरोघर जाऊन सांगावे."

ज्यास वाचता येते त्याने.

वाचायला आलं, आणि मी ठरवलं काहीच नाही. मास्तर पुढे तिकडेच कुठं वारले. महादूनं दुसरी केली नाही. त्याचे डोळे गेल्यापासून मी रोज सकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. एकही ओळ गाळत नाही, जाहिरातीसुद्धा. तो वैतागतो, "दादा, तेलाची जाहिरात कशाले वाचतं?" मी वाचतो.

युनिव्हर्सिटी म्हणजे काय ते मला पुरतं समजलेलं नाही. तिथं मोठी पुस्तकं असतील, मोठी माणसं असतील. मला एवढंच विचारायचं आहे की तिच्या कुंपणापलीकडे कोण राहतं, ती पाणी कोणाच्या विहिरीचं पिते, आणि तिथल्या फळ्यावर जे लिहितात ते कुंपणापलीकडच्या बाईपर्यंत कोण पोचवतं. मास्तर म्हणाले होते, नुसतं लिहून निघून जायला नको होतं. पगडीवाल्यांना मी हे सांगेन. आणि त्यांना हेही सांगेन की शेजाऱ्यांमध्ये माझ्यासारखा एखादा निघतो, ज्याला शिकण्यापेक्षा शिकलेला दिसणं प्यारं असतं. त्याच्यावर विसंबू नका. त्याच्यावर रागावूही नका. पाटी देऊन बसवा.

पण जागा देणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. निम्मी महादूची आहे, आणि महादू नाही म्हणतो ते माझ्या खोट्यावर उभं राहून म्हणतो. म्हणून इथवर लिहिलं. उद्या सकाळी वर्तमानपत्राऐवजी हेच वाचणार.

*

वाचलं.

हे आज दुपारी लिहितो आहे. सकाळी ऊन ओसरीच्या पहिल्या खांबापर्यंत आलं होतं तेव्हा सुरू केलं. महादू भिंतीला टेकून होता. पहिल्यांदा हसला, मोटेवरच्या हसण्याचं आलं तिथं. वासराचं आलं तेव्हा त्यानं मान वळवली. फळ्याचं आलं, आणि त्यानंतर तो हललाच नाही. सून ताक घेऊन आली आणि तशीच परत गेली. मी एकही ओळ गाळली नाही. कागद खाली ठेवला.

रस्त्यानं बंड्या जात होत्या. बऱ्याच गेल्या.

मग महादू म्हणाला, "हे लिहिलं हाय तसंच वाचलं ना?"

मी म्हणालो, "तसंच, महादू. गोदाची आन."

वाचताना आलं ते कागदावरचं होतं; आपणहून तिचं नाव मी पहिल्यांदा तोंडानं घेतलं. भासऱ्यानंही ते घ्यायचं नसतं.

"तिचं नाव कुठं हाय थ्यात? बोट ठेव माह्यं."

मी त्याचा हात धरला आणि बोट कागदावर ठेवलं. त्यानं ते नाव चाचपलं, जसं काही कागदावर उठून आलं असावं.

"किती मोठं हाय?"

"दोन अक्षरं."

तो बोट उचलेना. खालची शाई त्याच्या घामानं पसरायला लागली होती.

"दोन अक्षरं," महादू म्हणाला. "दादा, दोन अक्षरं वाचाले तुले इतके वर्स लागले."